अडेनियम बियापासून : पाणी कमी, धीर जास्त



रोपवाटिकेत कधी अडेनियमची दोन झाडं शेजारी ठेवलेली बघा. फुलं दोघांची सारखीच गुलाबी, उंचीही तेवढीच. पण एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी वर सांगतात. का, ते फुलाकडे बघून कळत नाही. खाली कुंडीकडे बघायचं. महागाच्या झाडाचा बुंधा मातीतून अर्धा वर आलेल्या जाड रताळ्यासारखा फुगलेला असतो, स्वस्ताचं झाड काठी खोचल्यासारखं सरळ असतं. पहिलं बियापासून केलेलं, दुसरं फांदी लावून. फांदीच्या झाडाला फूल लवकर येतं, पण तसा गोलमटोल बुंधा ते सहसा धरत नाही. आणि गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजतं ते त्या बुंध्याचे.

म्हणून आपल्या गटांनी अडेनियम करायचं ठरवलं तर ते बियापासूनच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्याच जोडीला दुसरं मतही आत्ताच सांगून टाकते: पहिल्या वर्षी यासाठी कर्ज काढू नये. का, ते हिशोबाच्या ठिकाणी येईलच. आधी झाड समजून घेऊ.

हे झाड पाणी साठवतं कुठे

अडेनियमला 'वाळवंटातला गुलाब' म्हणतात, पण गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. हे कण्हेर, चाफा, सदाफुली यांच्या कुळातलं. आपल्या बांधावरची रुईसुद्धा याच गोतावळ्यातली. पान तोडलं की चीक येतो तो त्यामुळेच. मूळ गाव म्हणजे आफ्रिकेतला सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान. तिकडे थोडे दिवस पाऊस पडतो आणि मग महिनोन्‌महिने थेंब नाही. पुढे थायलंड आणि तैवानच्या लोकांनी त्यात नाना रंग आणि दुहेरी पाकळ्यांची फुलं तयार केली. आज कुंड्यांत दिसणारी रंगीत झाडं बहुतेक त्या वाणांची लेकरं आहेत.

टँकर येण्याच्या दिवशी आपण घरातला रांजण, हंडे, बादल्या सगळं भरून घेतो आणि पुढचे चार दिवस त्यावर काढतो. अडेनियमचं तसंच आहे. त्याचा बुंधा हा त्याचा रांजण. पाणी मिळालं की तो भरून घेतो आणि मग झाड त्यातून थोडं थोडं पीत राहतं. रांजण भरलेला असताना तुम्ही रोज वरून ओतत बसलात तर काय होणार? मुळं गुदमरतात, बुरशी शिरते आणि बुंधा आतून सडतो. उन्हाने मेलेलं अडेनियम क्वचित सापडेल. मायेनं रोज पाणी घालून मेलेली मात्र घरोघरी सापडतील.

शेंद्र्याच्या हवामानाचा यात फायदाही आहे आणि अडचणही. ऊन भरपूर, ते या झाडाला हवंच असतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला तरी मोठं झाड तग धरतं. पाऊस आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तेवढे चार महिने जपायचे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा झाड झोपी जातं. आणि आपली काळी माती! कापसासाठी ती सोनं, पण अडेनियमच्या कुंडीत ती चिखल धरून बसते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. ती कुंडीत चिमूटभरही नको.

बी घेताना

अडेनियमचं बी जाडसर जिऱ्यासारखं, पण त्याहून मोठं, साधारण एक सेंटिमीटर लांबीच्या तपकिरी काडीसारखं असतं. दोन्ही टोकांना मऊ केसांचा झुबका असतो. रुईची शेंग फुटल्यावर म्हाताऱ्या उडतात ना, तसंच हे बी उडतं. विकत मिळतं तेव्हा बहुधा केस काढलेले असतात.

बियाण्यात सगळ्यात महत्त्वाचा ताजेपणा. ताजं बी भराभर उगवतं, महिने जातील तशी उगवण घटत जाते. पाकिटावर काढणीची तारीख नसेल तर विचारा, सांगितली नाही तर घेऊ नका. बोटांत हलकं दाबून बघा. भरीव, टणक लागलं तर चांगलं, पोकळ चुरगळलं तर गेलेलं. सोयाबीन पेरण्याआधी ओल्या गोणपाटात बिया गुंडाळून आपण उगवण तपासतो, तीच युक्ती इथे चालते. दहा बिया ओलसर सुती कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवा. आठवड्याभरात किती फुगून कोंब काढतात ते मोजा. दहापैकी सातच्या खाली उगवत असतील तर त्या विकणाऱ्याकडून शंभर बिया घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक. मोबाइलवर निळ्याशार फुलांचे फोटो दाखवून बिया विकल्या जातात. निळ्या फुलाचं अडेनियम नसतं. 'काळं' म्हणतात ते खरं तर फार गडद लाल असतं. शिवाय बियापासून आलेलं झाड आईच्याच रंगाचं फूल देईल याची खात्री कुणालाच देता येत नाही. एकाच शेंगेतल्या बियांमधून फिकट गुलाबी, गडद गुलाबी, पांढरट, काठ रंगीत अशी वेगवेगळी भावंडं निघतात. त्यामुळे रंगाच्या नावावर जास्तीचा पैसा देऊ नका. आपल्याला बुंधा हवा आहे, तो साध्या गुलाबी फुलाच्या ताज्या बियातूनही उत्तम येतो.

पेरणी : फेब्रुवारीअखेर ते मार्च

उगवणीला २७ ते ३२ अंशांची ऊब चांगली मानवते. आपल्याकडे ती फेब्रुवारीच्या शेवटी मिळायला लागते. तूर, कापूस घरात आलेला असतो, शेतातली घाई ओसरलेली असते. चैत्रातल्या मांगीरबाबांच्या यात्रेच्या महिनाभर आधी पेरणी उरकली तर पाऊस येईपर्यंत रोपांना तीन महिने मिळतात आणि बुंधा बोटाएवढा होतो. हे तीन महिने फार मोलाचे. जूनमध्ये पेरलेली इवली रोपं पावसाळी ओलीत सापडतात आणि निम्मीअधिक कोलमडतात.

मिश्रणाची भीती बाळगू नका, महागडं काही आणायची गरज नाही. वीटभट्टीवरचा विटांचा चुरा आणा आणि चाळा. वरची वाटाण्याएवढी खडी मोठ्या कुंड्यांसाठी ठेवा, मधला ज्वारीच्या दाण्याएवढा भाग रोपांसाठी. अगदी बारीक पीठ टाकून द्या, ते सिमेंटसारखं बसतं. हा चुरा दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग, कोकोपीट एक भाग आणि चाळलेलं गांडूळ खत अर्धा भाग. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी ओतून द्या आणि दोनदा धुवा, त्यात क्षार असतात. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलं, नाहीतर नकोच. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणी आणि बुरशी दोन्ही येतात. ट्रायकोडर्मा पावडर कृषी केंद्रात मिळते, ती मिश्रणात कालवून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवली तर रोपं कोलमडण्याचं प्रमाण कमी होतं. यात शंका आली तर पैठण रोडच्या किंवा गांधेलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, किंवा आपल्या कृषी सखीला सोबत घ्या.

मिश्रण बरोबर झालं का, हे बघायची सोपी खूण: कुंडी भरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तळं न करता लगेच खालच्या भोकातून गळायला लागलं पाहिजे. वर साचून राहिलं तर विटांचा चुरा वाढवा.

बिया कोमट पाण्यात तीन-चार तास भिजवा, रात्रभर नको. प्रो-ट्रे असेल तर उत्तम, नसेल तर बुडाला भोकं पाडलेले चहाचे कागदी पेले किंवा पसरट प्लॅस्टिकचा ट्रे चालतो. बी उभं खोचायचं नाही, आडवं ठेवायचं आणि वरून जेमतेम झाकेल एवढं मिश्रण भुरभुरायचं. खोल गाडलेलं बी कुजतं. पाणी फवाऱ्याने द्या, तांब्याने ओतलं की बिया वाहून एका कोपऱ्यात जमतात. ट्रे उजेडात, पण दुपारच्या थेट उन्हात नाही. हिरव्या शेडनेटखाली किंवा मांडवात ठेवा. ताजं बी चौथ्या ते आठव्या दिवसापर्यंत डोकं वर काढतं. पंधरा दिवसांत जे उगवलं नाही त्याची वाट बघू नका.

उगवल्यावरचे पहिले तीन आठवडे नाजूक असतात. वरचा थर सुकू लागला की फवारा, ओला असेल तर हात लावायचा नाही. एखादं रोप मातीलगत काळं पडून आडवं झालं तर ते लगेच काढून टाका आणि तिथे फवारा एक दिवस बंद ठेवा. ट्रेला हळूहळू सकाळचं ऊन दाखवायला सुरुवात करा. सावलीतच ठेवलेलं रोप उंच, काटकुळं होतं. बुंधा फुगतो तो उन्हाने, सावलीने नाही.

चार ते सहा पानं आली, म्हणजे साधारण सव्वा-दीड महिन्यात, प्रत्येक रोप वेगळ्या लहान कुंडीत किंवा पिशवीत हलवा. आता खत सुरू करायचं. शेतात वापरतो तेच १९:१९:१९, एका लिटर पाण्याला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मिश्रणावर. यापेक्षा जास्त खत दिलं की पानांची गर्दी होते आणि बुंधा मऊ राहतो.

पावसाळ्यात छत, थंडीत उपास

पहिला जोरदार पाऊस येण्याआधी सगळ्या कुंड्या छताखाली आल्या पाहिजेत. पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद बांबूवर ताणला तरी पुरतं, फक्त बाजू उघड्या ठेवा म्हणजे वारं खेळतं. कुंड्या जमिनीवर टेकवू नका, विटांवर किंवा फळीवर ठेवा. पावसाळी आठवड्यात हवाच ओली असते, तेव्हा आठ-दहा दिवस पाणी दिलं नाही तरी चालतं. मोठी, वर्षावरची झाडं चांगल्या खडीच्या मिश्रणात असतील तर थोडा पाऊस खुशाल खाऊ द्या. त्याने पानांवरची धूळ आणि बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर बसलेले पांढरे क्षार धुऊन निघतात. झड लागली की मात्र आत घ्यायची.

ऑक्टोबरचं ऊन या झाडासाठी पर्वणी असते. पाऊस गेलेला, उष्णता परत आलेली. तेव्हा रोज सकाळी बोट मिश्रणात पेरभर घालून बघा. कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, खालून गळेपर्यंत. ओलसर लागलं तर काहीच देऊ नका. थोडं थोडं वरवर शिंपडण्यापेक्षा हे बरं.

दिवाळीनंतर थंडी वाढली की पानं पिवळी पडून गळतात. इथेच बायका घाबरतात आणि पाणी वाढवतात. ताईंनो, ते झाड झोपलंय. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत पंधरा-वीस दिवसांतून एकदा पेलाभर पुरे, खत पूर्ण बंद. भिंतीच्या कडेला, दिवसभर ऊन मिळेल आणि रात्रीचा वारा लागणार नाही अशी जागा द्या.

बुंधा मऊ लागला तर

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक झाडं इथे वाचतात किंवा जातात. बुंधा दाबल्यावर मऊ लागण्याची दोन कारणं असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. तहानलेल्या झाडाचा बुंधा सगळीकडून सारखाच मऊ लागतो, साल सुरकुतते, पण रंग बदलत नाही आणि वास येत नाही. पाणी दिलं की दोन-चार दिवसांत तो परत टणक होतो. सडलेल्या झाडाचा बुंधा एका जागी पिलपिलीत होतो, तिथला रंग तपकिरी-काळा पडतो, दाबलं की पाणी सुटतं, घाण वास येतो. मिश्रण ओलं असूनही झाड मलूल असेल तर ते सडण्याकडे चाललंय असं समजा.

सडलेलं झाड त्याच दिवशी उपटा. माती झटका, मुळं धुवा. धारदार सुरी उकळत्या पाण्यातून काढून घ्या आणि सडका भाग कापत जा, आत स्वच्छ पांढरं दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका मागे ठेवला तर सड पुन्हा सुरू होते, म्हणून इथे माया करायची नाही. कापलेल्या जागी तांबेयुक्त बुरशीनाशक लावा आणि झाड सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर उघडं ठेवा. हो, मातीशिवाय आठवडाभर. रांजण भरलेला आहे, ते मरत नाही. जखम कडक झाली की कोरड्या नव्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी आणखी पाच-सहा दिवसांनी द्या. अर्धा बुंधा गेलेली झाडंसुद्धा यातून उठतात आणि गंमत म्हणजे वेडावाकडा झालेला बुंधा काही गिऱ्हाइकांना जास्त आवडतो.

किडींचं थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात पानं निस्तेज होऊन खालच्या बाजूला बारीक धुरळा दिसला तर लाल कोळी आहे, पानांखाली पाण्याचा जोरदार फवारा मारा. बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढा. दोन्हीवर निंबोळी अर्क चालतो: ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून फवारायची. पावसाळ्यात बोटाएवढी जाड हिरवी अळी एका रात्रीत सगळी पानं फस्त करते. ती कण्हेरीवरचीच अळी, हाताने वेचून टाका.

चीक विषारी आहे

हे लपवून विकू नका. अडेनियमचा चीक हृदयावर परिणाम करणारा आहे. आफ्रिकेत शिकारी लोक तो बाणाच्या टोकाला लावत आले आहेत. कण्हेरीच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो, तीच इथे. छाटणी करताना हातमोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधा. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पीठ मळायला बसू नका. चीक डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. रांगतं मूल असलेल्या घरात कुंडी खाली ठेवायची नाही. शेळ्या, वासरं यांच्या तोंडाशी छाटलेल्या फांद्या टाकायच्या नाहीत, त्या उकिरड्यावरही नको, खड्ड्यात पुरा. मुलाने पान किंवा फूल चावून गिळलं असा संशय आला तर घरगुती उपाय करत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि त्या झाडाची फांदी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना कळेल. विकताना प्रत्येक कुंडीला 'चीक विषारी, मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवा' अशी चिठ्ठी लावा. चिठ्ठीने विक्री घटेल असं काहीजणींना वाटतं. मला तर वाटतं गटाचं नाव त्याने टिकतं.

दुसऱ्या वर्षी : उचलणं आणि फूल

पहिली थंडी सरली, फेब्रुवारीत नवे कोंब दिसू लागले की झाड कुंडीतून काढा. बुंध्याखालची मुळं आता बोटासारखी जाड झालेली असतात. बारीक केसमुळं थोडी छाटा, जखमा चार-पाच दिवस सुकू द्या. मग नव्या पसरट कुंडीत लावताना बुंधा आधीपेक्षा बोटभर वर उचलून लावा. दरवर्षी असं थोडं थोडं उचलत गेलं की मुळंही बाहेर दिसू लागतात आणि झाडाला तो जुन्या वडासारखा रुबाब येतो. याच वेळी शेंडा छाटला की एका फांदीच्या तीन-चार होतात आणि जितकी टोकं तितके फुलांचे घोस.

चांगल्या उन्हात वाढलेल्या रोपाला पहिलं फूल साधारण वर्षभरात दिसतं, काहींना दीड वर्ष लागतं. शंभरात दोन-चार रोपं दहाव्या महिन्यातच फुलतात, तीही ठेवा, त्यांच्याकडून पुढचं बियाणं धरता येईल.

दुहेरी पाकळ्यांची, नावाच्या वाणाची फुलं हवी असतील तर त्यासाठी कलम लागतं. बियापासूनचं जाड रोप खुंट म्हणून घ्यायचं आणि त्यावर हव्या त्या वाणाची फांदी बांधायची. हे काम हात बसल्यावरचं, पण लक्षात घ्या, कलमं करणाऱ्या रोपवाटिकांना असे खुंट लागतच असतात. फुलाची वाट न बघता सात-आठ महिन्यांची जाड रोपं तिथे देणं, हा एक मधला मार्ग आहे.

बियाणं घरचं कसं करायचं? आपल्याकडे आपोआप शेंगा कमीच धरतात, कारण फुलातले पराग आत एका टोपीखाली झाकलेले असतात. सकाळी, ताज्या फुलाची नळी एका बाजूने हलकी फाडा. आत पाच दातांची बंद टोपी दिसेल. तिच्या वरच्या भागात बारीक कुंचल्याचा केस घालून पराग उचला आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात, टोपीच्या खालच्या फटीतून तो केस आत सरकवा. दुसरं झाडच हवं, त्याच झाडाचे पराग बहुधा धरत नाहीत. दहा फुलांत एक-दोन धरली तरी खूश व्हा. काही आठवड्यांत बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग दिसायला लागते आणि तीन महिन्यांच्या आगेमागे पिकते. पिकायच्या आधी मच्छरदाणीच्या जाळीची पिशवी बांधून ठेवा, नाहीतर दुपारच्या वाऱ्यावर सगळं बी गावभर. एका भरलेल्या शेंगेत पन्नासाच्या वरही बिया निघतात.

हिशोब

बाजारभाव मी इथे लिहीत नाही, ते तुम्ही स्वतः दोन-तीन रोपवाटिकांत फिरून लिहून आणा. हिशोबाची पद्धत मात्र एका मनानेच धरलेल्या आकड्यांवर दाखवते.

समजा १०० बिया ६ रुपयांना एक अशा घेतल्या, झाले ६०० रुपये. ७० उगवल्या. पावसाळा संपेपर्यंत ५५ राहिल्या. वर्षाच्या शेवटी विकण्याजोगी ५० झाडं. म्हणजे एका झाडामागे बियाण्याचा खर्च ६ नाही, १२ रुपये. कुंडी आणि मिश्रण २५, खत-औषध ५. बेरीज ४२. इथे थांबून आपण म्हणतो, "अगं, ४२ रुपयांत झाड, शंभराला विकलं तरी फायदाच की!"

आपली मजुरी कुठे गेली? रोज पाव तास धरला तरी वर्षाचे ९१ तास होतात. तासाला ४० रुपये लावले तर ३,६५० रुपये, म्हणजे एका झाडामागे ७३. झाड पडलं ११५ रुपयांना. शंभराला विकलं तर प्रत्येक झाडामागे १५ रुपये आपल्या घामातून गेले. आता हीच ५०० झाडं पाच जणींनी एका मांडवात केली, तर रोज पाऊण तास धरा. वर्षाचे २७४ तास, मजुरी १०,९५० च्या जवळपास, झाडामागे २२ रुपये. तेच झाड ६४ ला पडतं. म्हणजे पन्नास-शंभर झाडं ही शिकण्यासाठी, धंदा पाहिजे तर तो गटाने मिळून.

आता कर्जाचं. गटातून किंवा बँकेतून पैसे उचलले की हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. अडेनियम पैसे देणार वर्ष-दीड वर्षाने. मधले बारा हप्ते कुठून भरणार? नवऱ्याच्या पगारातून, किंवा दुसऱ्या कर्जातून. म्हणून पहिल्या वर्षी फक्त बियाण्याचा आणि मिश्रणाचा खर्च, तोही बचतीतून. रोपवाटिका मोठी करायची असेल तर अडेनियमच्या शेजारी महिनाभरात विकली जाणारी रोपं ठेवा: झेंडू, मिरची, टोमॅटो, तुळस. हप्ता त्यांनी भरायचा, अडेनियमने वाढत राहायचं. झेंडूचं रोप आठवडाभर विकलं नाही तर फेकावं लागतं. अडेनियम या वर्षी राहिलं तर पुढच्या वर्षी जाड होऊन थोडं महाग जातं, अर्थात सांभाळलं तर.

गिऱ्हाईक आपल्याला लांब शोधायला नको. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत दारात आहे. ७ सप्टेंबर २०१९ ला ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी बचत गटांचा राज्यस्तरीय मेळावाही आपल्या जिल्ह्यात भरला होता, काहीजणींना आठवत असेल. कंपन्यांच्या स्वागतकक्षांत, गच्चीवर, रस्त्याकडेच्या कुंड्यांत कमी पाण्याची झाडं लागतात. पण तिथे एकटीने जाऊन दोन झाडं दाखवण्यापेक्षा ग्रामसंघाच्या किंवा प्रभागसंघाच्या नावाने, एकसारख्या कुंड्यांतली पन्नास झाडं आणि बिलबुक घेऊन जा. आधी विचारा की बिल कसं लागतं आणि पैसे किती दिवसांनी मिळतात. उधारी नव्वद दिवसांची असेल तर तेही हिशोबात धरा.

लांबच्या प्रदर्शनाला न्यायची सोयही या झाडात आहे. कुंडी, माती काहीच न्यायचं नाही. झाड उपटून मुळं झटकायची, दोन दिवस सावलीत सुकवायचं, वर्तमानपत्रात गुंडाळून भोकं पाडलेल्या खोक्यात आडवं ठेवायचं. आठवडाभर त्याला काही होत नाही. मोठं सरस प्रदर्शन असो की नातेवाइकांकडून आलेली पुण्याची ऑर्डर, पन्नास झाडं एका पिशवीत मावतात. घेणाऱ्याला एवढंच लिहून द्या की लावल्यावर पाच दिवस पाणी घालू नये.

यंदा ज्या गटांना शंभर बिया लावून बघायच्या आहेत त्यांनी विटांचा चुरा थंडीतच आणून चाळून ठेवावा आणि बियाणं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मागवावं, त्याआधी नको. पेरल्याची तारीख, किती उगवल्या, किती गेल्या आणि कशाने गेल्या, हे गटाच्या वहीतच मागच्या पानावर लिहीत चला. जूनच्या मासिक बैठकीत सगळ्या वह्या शेजारी ठेवून बघता येतील.